कोकणातील दुचाकीस्वाराने डोळ्यांसाठी काच कशी निवडावी

गुहागरहून चिपळूणला रोज कामाला जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या नशिबी दोन्ही वेळचे ऊन समोरूनच असते. रस्ता वळणावळणांचा असला तरी त्याचा एकंदर रोख पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे. त्यामुळे सकाळी निघाल्यावर उगवतीचे, कोवळे पण नेमके डोळ्यांच्या रेषेत आलेले ऊन तोंडावर येते आणि संध्याकाळी परतताना मावळतीचेही तसेच येते. मालवणहून कुडाळला किंवा रत्नागिरीहून हातखंब्याला नोकरीसाठी ये-जा करणाऱ्यांची गत थोडीफार अशीच. मुंबई-गोवा महामार्ग दक्षिणोत्तर असल्याने तिथला स्वार या एका बाबतीत सुखी आहे. पण त्याच्या वाट्याला कामांची धूळ, चिऱ्यांचे ट्रक आणि घाटातले धुके आहेच. अशा मुलखात डोळ्यांसाठी काय घ्यावे असे विचारले की बहुतेक जण “एक चांगला काळा गॉगल घे” असे सांगतात, आणि माझ्या मते चूक तिथूनच सुरू होते.

काळी काच ही दुसरी खरेदी आहे. पहिली काच पारदर्शक, तोंड झाकणारी आणि हेल्मेटलाच जोडलेली असावी लागते. डोळ्यांवर येणाऱ्या गोष्टींपैकी एक ऊनच काय ते काळ्या रंगाने अडते. वारा, धूळ, खडी, पाऊस, चिलटे आणि खारे तुषार यांना काचेच्या रंगाशी काही देणेघेणे नसते, आणि ते दिवस मावळल्यावरही यायचे थांबत नाहीत. पुढची सगळी मांडणी याच क्रमाने केली आहे.

आधी आठ दिवस आपला रस्ता पाहावा

दुकानात जाण्यापूर्वी आठवडाभर एक साधी नोंद ठेवावी: आपण किती वाजता निघतो, कोणत्या दिशेला तोंड असते, त्यातला किती वेळ अंधारात जातो आणि वाटेत डोळे नेमके कुठे मिटावे लागतात. ही नोंद पाहिल्यावर अनेकांना असे आढळेल की, ज्या उन्हासाठी ते गॉगल घ्यायला निघाले होते ते जेमतेम अर्धा तास त्रास देते, आणि उरलेल्या वाटेवर खरा उपद्रव भलताच कसला तरी आहे.

ऋतूंचाही विचार करावा लागतो. मोहराच्या दिवसांत संध्याकाळी आंब्याच्या बागांच्या कडेने जाताना तुडतुडे तोंडावर आदळतात. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी दिव्यांभोवती घोंघावते, आणि गाडीचा पुढचा दिवाही तिला तितकाच प्रिय असतो. उन्हाळ्यात तांबड्या मातीची पिठासारखी धूळ, समुद्राला लागून असलेल्या रस्त्यावर वाऱ्याबरोबर येणारी बारीक वाळू, आणि मासळीच्या टेम्पोमागे राहिलो तर त्यातून गळणाऱ्या पाण्याचे शिंतोडे. धोपावे-दाभोळ फेरीबोटीवर गाडी चढवून उभे राहिलो तर वाऱ्याच्या दिवशी पलीकडे पोहोचेपर्यंत काचेवर मिठाचा पातळ थर बसलेला असतो.

हे सारे इतके बारकाईने का पाहायचे, तर ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे जाते. डोळ्यात कण गेला म्हणून दोन सेकंद पापण्या मिटल्या तर २८ मीटर रस्ता न पाहता कापला जातो. दोन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तरी तेवढी लांबी भरत नाही. शिवाय कण गेलेल्या डोळ्याबरोबर दुसरा डोळाही आपसूक मिटतो, हे बहुतेकांच्या ध्यानात नसते.

पहिली काच : हेल्मेटचा व्हायझर

मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ हेल्मेटची सक्ती करते, आणि १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांची हेल्मेटे आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाहीत. त्या चिन्हासोबत आयएस ४१५१ हा मानकाचा क्रमांक असतो. तो प्रथम पाहावा. रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगून विकल्या जाणाऱ्या हेल्मेटांवरही चिन्हाचे स्टिकर दिसते, म्हणून केवळ स्टिकरवर न जाता खरेदी पावती देणाऱ्या दुकानातूनच करावी.

डोळ्यांच्या दृष्टीने हनुवटी झाकणारे पूर्ण हेल्मेट सर्वांत उपयोगी ठरते. टोपीसारखे अर्धे हेल्मेट डोळ्यांचे काहीच रक्षण करत नाही. तोंड उघडे ठेवणाऱ्या, लांब काच असलेल्या हेल्मेटात हवा खेळती राहते हे खरे, आणि आमच्या दमट हवेत त्याचा मोह पडणे मी समजू शकतो. पण त्यात वारा काचेच्या खालून वर चढतो आणि पुढच्या चाकाने उडवलेली धूळ नेमकी त्याच वाटेने डोळ्यांपर्यंत येते.

हेल्मेट डोक्यात बसते की नाही हे पाहून झाल्यावर काचेकडे वळावे. काच बंद करताना तिच्या कडेला आणि रबरी पट्टीला मध्ये वर्तमानपत्राच्या कागदाची एक पट्टी धरावी आणि हलकेच ओढून पाहावी. पट्टी सहज निसटली तर तिथून पाणी आणि वारा आत येणार. हीच परीक्षा कपाळाच्या मध्यभागी आणि दोन्ही कानशिलांजवळ करावी. दोष बहुधा कानशिलांजवळ सापडतो. त्यानंतर काच एकेक खाच वर न्यावी. पहिल्या खाचेत, म्हणजे जेमतेम बोटभर उघडलेल्या स्थितीत, ती स्वतःहून ठाम राहिली पाहिजे, कारण पावसाळ्यातले निम्मे आयुष्य त्याच खाचेवर जाणार असते. काच उघडायचा कान डाव्या बाजूला किंवा मध्ये असावा. उजवा हात ॲक्सिलरेटरवर असतो.

मग हेल्मेट घालून दुकानाच्या दाराची चौकट किंवा खिडकीचे गज पाहावेत आणि मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवावी. सरळ गज कुठे वाकडा झाला, लाटेसारखा हलला, तर ती काच घेऊ नये. असा दोष दुकानात किरकोळ वाटतो, पण तासाभराच्या प्रवासानंतर कपाळ दुखते आणि त्याचे खापर उन्हावर फुटते.

रंगाबद्दल माझे मत ठाम आहे: हेल्मेटची मुख्य काच पारदर्शकच असावी. काळी किंवा आरशासारखी इंद्रधनुषी काच दिसायला छान दिसते आणि तरुण मंडळींना ती हवीच असते, पण सात वाजता काळोख पडला की त्या मुलाला काच वर करून गाडी चालवण्यावाचून इलाज उरत नाही. म्हणजे चिलटांच्या ऐन वेळेला डोळे उघडे. ज्यांना उन्हाचा त्रास फार आहे त्यांनी बाहेरची पारदर्शक काच आणि आत खटक्याने खाली उतरणारी काळी काच अशी जोडी असलेले हेल्मेट घ्यावे. आमच्याकडच्या रस्त्यांना ही सोय फार चांगली जुळते, कारण इथे लख्ख कातळावरून गाडी क्षणात झाडीच्या गर्द सावलीत शिरते आणि पुन्हा उन्हात येते.

हेल्मेट घेतानाच त्याच मॉडेलची एक जादा पारदर्शक काच घेऊन ठेवावी. दोन वर्षांनी मॉडेल बंद झालेले असते आणि ओरखडलेल्या काचेमुळे चांगले हेल्मेट टाकून द्यावे लागते.

दुसरी काच : डोळ्यांजवळचा चष्मा किंवा गॉगल

व्हायझर असताना आत आणखी काही कशाला, असे कोणी विचारील. तर गाडी हळू चालत असताना, फाटकाशी थांबल्यावर, उकाड्याने जीव गेल्यावर माणूस काच वर करतोच. तेवढ्या वेळापुरता आत दुसरा पहारेकरी हवा. ज्यांच्याकडे अजून उघडे हेल्मेट आहे त्यांच्यासाठी तर हीच मुख्य काच ठरते.

इथे पहिला प्रश्न काच कशाची आहे हा. खरी काच दुचाकीवर नको, कारण फुटली तर तिचे तुकडे डोळ्यातच जातात. चष्मेवाले ज्याला नुसते ‘फायबर’ म्हणतात ते बहुधा सीआर-३९ नावाचे प्लॅस्टिक असते. त्यातून दिसते फार स्वच्छ, पण जोराचा खडा लागला तर त्याला तडा जाऊ शकतो किंवा तुकडा उडू शकतो. पॉलिकार्बोनेट, म्हणजे दुकानातले ‘पॉली’, आघात सोसण्यात त्याच्या पुष्कळ पुढे आहे आणि अतिनील किरणही ते मुळातच अडवते. त्याचे दोन दोष आहेत. त्यावर ओरखडे लवकर पडतात, म्हणून वर कठीण थर दिलेलाच घ्यावा. आणि नंबर मोठा असेल तर काचेच्या कडेने पाहताना वस्तूंना रंगीत किनार दिसते. ट्रायव्हेक्स नावाचे प्लॅस्टिक रंगीत किनारीचा दोष बऱ्याच अंशी टाळते, पण ते महाग पडते.

ज्यांना नंबर नाही त्यांना एक स्वस्त आणि उत्तम वाट सुचवतो. हार्डवेअरच्या किंवा कारखान्यांना सुरक्षा साहित्य पुरवणाऱ्या दुकानात पारदर्शक सुरक्षा चष्मे गॉगलच्या मानाने किरकोळ पैशांत मिळतात. त्यावर ईएन १६६ हा युरोपीय मानकाचा क्रमांक आणि काचेवर ‘१’ व ‘एफ’ अशी खूण कोरलेली आहे का ते पाहावे. ‘१’ म्हणजे सतत घालून वावरण्याइतकी नजर स्वच्छ, आणि ‘एफ’ म्हणजे ६ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने आदळली तरी काच टिकते. हा वेग ताशी १६२ किलोमीटर होतो. ट्रकच्या चाकाखालून उडणाऱ्या खड्यापुढे एवढी तयारी चांगली म्हणावी लागेल. अमेरिकी मानकाचे चष्मे असतील तर झेड ८७ या खुणेपुढे अधिकचे चिन्ह असावे. असा चष्मा घातलेला माणूस वेल्डिंगच्या दुकानातून उठून आल्यासारखा दिसतो, ही तक्रार मला मान्य आहे. तरी दोन हजारांच्या शोभेच्या गॉगलपेक्षा मी तोच घेईन.

फोमची किनार आणि मागे इलॅस्टिकचा पट्टा असलेले मोठे गॉगल वारा पूर्णपणे अडवतात. उघडे हेल्मेट वापरणाऱ्याने त्यांचाच विचार करावा. मात्र आमच्याकडे आषाढ-श्रावणात त्या फोमला हमखास बुरशी येते आणि तो ओला पट्टा डोळ्यांभोवती घट्ट बसवणे म्हणजे आजार विकत घेणे आहे. फोम काढून धुता येत असेल तरच असा गॉगल घ्यावा.

मुलाला पेट्रोलच्या टाकीवर पुढे बसवून शाळेत सोडणारे बाप रोज दिसतात. वारा, धूळ आणि चिलटे सर्वांत आधी त्या मुलाच्या डोळ्यांवर येतात, आणि मागे बसलेल्या बापाच्या डोळ्यांवर मात्र गॉगल असतो.

काळेपणा किती आणि कसला

काळा रंग आणि अतिनील किरणांपासून संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसते काळे प्लॅस्टिक लावले तर प्रकाश कमी झाल्यामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि किरण मात्र अडत नसतील तर ते आत अधिकच शिरतात. म्हणून ‘यूव्ही ४००’, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारी काच, अशी खात्री हवी. हे छापलेले असणे पुरेसे नाही. बऱ्याच चष्म्यांच्या दुकानांत ते तपासण्याचे छोटे यंत्र असते, तेव्हा दुकानदाराला आपल्यासमोर तपासून दाखवायला सांगावे. किनाऱ्यावर हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा ठरतो. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे ते वरून येतात तसे खालूनही येतात. मच्छीमारांत आणि उन्हातान्हात शेतात राबणाऱ्यांत डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे सरकणारा मांसाचा पापुद्रा वरचेवर दिसतो, त्यामागे ऊन, वारा आणि धूळ हीच कारणे असतात.

काळेपणाचे प्रकार ० ते ४ अशा श्रेणींत मोजले जातात. श्रेणी २ ची काच १८ ते ४३ टक्के प्रकाश आत सोडते, श्रेणी ३ ची ८ ते १८ टक्के, आणि श्रेणी ४ ची केवळ ३ ते ८ टक्के; ही शेवटची गाडी चालवताना वापरायचीच नसते. भर उन्हात उघड्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, किंवा महामार्गावरून लांब जायचे असेल तर श्रेणी ३ ठीक. पण गावागावांतून, झाडीतून, वाडीतून जाणाऱ्या रस्त्यांवर मी श्रेणी २ ची शिफारस करतो. फणसाच्या सावलीत बसलेले कुत्रे किंवा तिथला खड्डा श्रेणी ३ मधून एक क्षण उशिरा दिसतो. रंग राखाडी किंवा तपकिरी असावा. राखाडीत रंग जसेच्या तसे राहतात, तर तपकिरीत रस्त्याचा उंचसखलपणा अधिक उठून दिसतो. निळा आणि गुलाबी रंग सिग्नल आणि मागचे लाल दिवे ओळखण्यात गोंधळ करतात.

पोलराइज्ड काचेबद्दल दुकानदार फार उत्साहाने बोलतात. पाण्यावरून किंवा सपाट पृष्ठभागावरून परावर्तित होणारी चकाकी ती खरोखर कापते; आरे-वारेच्या रस्त्यावरून खाली समुद्र पाहताना फरक चटकन कळतो. परंतु दुचाकीवर हीच चकाकी कधी उपयोगाची असते. रस्त्यावर सांडलेले तेल, मासळीचे पाणी, पहिल्या पावसाने वर आलेला तेलकट थर हे सारे त्या चमकेवरूनच ओळखू येते. शिवाय गाडीचा डिजिटल मीटर आणि मोबाइलचा पडदा काही कोनांतून काळा पडतो, आणि व्हायझरमधून पाहिल्यास त्यावर रंगीबेरंगी डाग दिसू शकतात. दुपारी समुद्रकाठी फिरणाऱ्याने ती घ्यावी. रोज कामाला जाणाऱ्याने साधी काळी काच घ्यावी, असे मी म्हणेन.

उन्हात काळी होणारी आणि सावलीत पांढरी होणारी काच, म्हणजे फोटोक्रोमिक, ऐकायला दोन्ही प्रश्नांचे उत्तर वाटते. पण ती अतिनील किरणांनी काळी होते, आणि ते किरण पॉलिकार्बोनेटचा व्हायझर बाहेरच अडवतो. त्यामुळे बंद काचेमागे ती फारशी काळी होतच नाही. आणि उघड्या हेल्मेटात काळी झाली, तर पुन्हा स्वच्छ व्हायला तिला काही मिनिटे लागतात. पोलादपूरहून खेडकडे येताना कशेडीच्या सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या बोगद्यात शिरणाऱ्याला एवढा अवधी कोण देणार? आतल्या काळ्या काचेचा खटका बोगद्याच्या तोंडाआधी पन्नास-साठ मीटरवर वर करावा, तोंडाशी पोहोचल्यावर नव्हे.

दुकानातली परीक्षा

चष्मा किंवा गॉगल पाहायला जाताना हेल्मेट सोबत न्यावे. दुकानदार जरा चमकतो, पण चष्मा हेल्मेटात बसतो की नाही हे दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळत नाही.

आधी चष्मा हातभर अंतरावर धरून त्यातून दाराची चौकट पाहावी आणि चष्मा वर-खाली, आडवा हलवावा. बिननंबरी काचेतून चौकट सरळच राहिली पाहिजे. मग हेल्मेट घालून चष्म्याच्या काड्या आत सरकवाव्यात. सरळ, चपट्या आणि पातळ काड्या अलगद जातात. कानामागे वळणाऱ्या किंवा जाड काड्या कानशिलावर रुततात आणि वीस मिनिटांत ठणका लागतो. म्हणून दुकानात निदान दहा मिनिटे तसेच बसावे. रुंद काडी खांद्यावरून मागे पाहताना दृष्टी अडवते, तीही मान वळवून तपासावी.

वाऱ्याची परीक्षा घरी टेबलफॅनसमोर करता येते. पंखा पूर्ण वेगाने लावून दोन हात अंतरावर बसावे, चष्मा लावावा आणि चेहरा हळूहळू दोन्ही बाजूंना वळवावा. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यात गार झुळूक लागते का आणि पापण्या फडफडतात का, याकडे लक्ष द्यावे. गाडीवरचा वारा याहून पुष्कळ जोराचा असतो, परंतु फट कुठे आहे हे पंखाही नेमके सांगतो. घेतलेली काच पोलराइज्ड आहे की नाही हे पाहायचे असेल तर ती मोबाइलच्या उजळ पडद्यासमोर धरून गोल फिरवावी. एका कोनात पडदा काळा पडला तर ती पोलराइज्ड आहे.

नंबरचा चष्मा असणाऱ्यांसाठी

गाडीसाठी पॉलिकार्बोनेटचा, परावर्तन रोखणारा थर दिलेला, पातळ काड्यांचा एक वेगळा चष्मा करून घेता आला तर उत्तम. या थराने रात्री समोरच्या दिव्यांची काचेत उमटणारी दुसरी प्रतिमा कमी होते. बायफोकल चष्म्याचा खालचा भाग जवळचे वाचण्यासाठी असतो, त्यातून पुढच्या चाकाजवळचा रस्ता पुसट दिसतो. ज्यांना याचा त्रास होतो त्यांनी गाडीसाठी फक्त लांबच्या नंबरचा चष्मा ठेवावा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी व्हायझर बंदच ठेवावा, कारण वाऱ्याने लेन्स कोरडी पडते आणि तिच्याखाली गेलेला धुळीचा कण फार वेदना देतो. पिशवीत नेहमीचा चष्मा असू द्यावा.

पावसाळा

कोकणातल्या दुचाकीस्वाराची खरी कसोटी जूनपासून लागते. ताशी पन्नासच्या वेगाने उघड्या डोळ्यांवर येणारा पाऊस टाचणीसारखा टोचतो आणि काच खाली घेतली की आतून धुके चढते. बाहेरून पावसाने गार झालेल्या काचेवर आपल्या उच्छ्वासातल्या वाफेचे बारीक थेंब जमतात, आणि हवेतच ओलावा भरलेला असल्यामुळे ते सुकायला वाव मिळत नाही. आंबोली किंवा कुंभार्ली घाटात ढग रस्त्यावर उतरलेले असताना तर बाहेरचे धुके कोणते आणि आतले कोणते हे काच उघडल्याशिवाय समजत नाही.

यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे व्हायझरच्या आत बसणारी दुसरी पातळ काच, जी बाजारात पिनलॉक या नावाने ओळखली जाते. दोन काचांमध्ये हवेचा बंद थर राहतो, त्यामुळे आतली काच गार पडत नाही. मात्र ती बसवण्यासाठी व्हायझरवर दोन खुंट्या लागतात. हेल्मेट घेतानाच त्या आहेत का हे पाहावे. तिच्या कडेची सिलिकॉनची रेघ सगळीकडे टेकलेली असली पाहिजे, नाहीतर दोन काचांच्या मध्येच पाणी शिरते आणि मग ते बाहेर काढता काढता पावसाळा संपतो.

एवढा खर्च नको असेल तर लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब ओल्या बोटाने काचेच्या आतून पसरावा आणि मऊ सुती कापडाने जवळजवळ दिसेनासा होईपर्यंत पुसावा. थर जाड राहिला तर रात्री प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसते. हा उपाय एक-दोन दिवस टिकतो. त्यासोबत हेल्मेटातला, उच्छ्वास खाली वळवणारा नाकावरचा पडदा लावावा, हनुवटीची झडप उघडी ठेवावी आणि वेग कमी झाल्याबरोबर काच पहिल्या खाचेवर आणावी. काचेच्या बाहेरचे पाणी निथळावे म्हणून मोटारींच्या काचांसाठीची द्रावणे व्हायझरवर वापरू नयेत. प्लॅस्टिकसाठी चालते असे बाटलीवर लिहिलेले असेल तरच वापरावीत.

पावसाळ्यात काळी काच पूर्ण बाजूला ठेवावी. भर दुपारीही मळभाने इतके अंधारून येते की, पारदर्शक काच आणि गाडीचा दिवा यांशिवाय गत्यंतर नसते.

रात्र

रात्री फक्त पारदर्शक काच. ‘नाइट व्हिजन’ म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे घेऊ नयेत. पिवळी काच डोळ्यांत येणारा एकूण प्रकाश कमीच करते, आणि २०१९ मध्ये अमेरिकेत सिम्युलेटरवर झालेल्या एका अभ्यासात अशा चष्म्यांमुळे रात्री रस्त्यावरचा पादचारी ओळखण्यात काहीही सुधारणा आढळली नव्हती. समोरचे दिवे ताऱ्यासारखे फुटलेले दिसत असतील तर आधी व्हायझरवरचे ओरखडे पाहावेत. काच नवी घालूनही तसेच दिसले तर डोळे तपासून घ्यावेत, कारण मोतीबिंदूची सुरुवातही अशीच असते.

मीठ, माती आणि फडके

सुकलेले मीठ आणि जांभ्याची माती काचेवर असताना तिच्यावरून कोरडे फडके किंवा शर्टाचे टोक फिरवले की ते पॉलिशच्या कागदासारखे काम करते. नव्या काचेची वाट याच सवयीने सर्वांत लवकर लागते. घरी आल्यावर एक ओला, स्वच्छ पंचा काचेवर पाच मिनिटे टाकून ठेवावा. मीठ विरघळते, मेलेली चिलटे मऊ होतात. मग साध्या पाण्याची धार सोडून, बोटांनी सौम्य साबण लावून धुवावे आणि मऊ कापडाने टिपून घ्यावे, घासू नये. खिडक्यांच्या काचा पुसायचे अमोनियाचे द्रव, थिनर आणि पेट्रोल यांनी पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. गॅरेजमधला बोळा काचेला लागू देऊ नये, कारण त्यात पेट्रोल असतेच.

खाऱ्या हवेत व्हायझरचे स्क्रू आणि चष्म्याच्या बिजागऱ्या गंजतात, नाकावरच्या उशांना धरणाऱ्या तारा घामाने हिरव्या पडतात. महिन्यातून एकदा हे सारे गोड्या पाण्याने धुऊन सुकवावे. पावसाळ्यात हेल्मेट बंद कपाटात ठेवण्यापेक्षा पंख्याखाली उलटे ठेवलेले बरे.

डोळ्यात काही गेलेच तर

गाडी कडेला घ्यावी आणि डोळा चोळू नये. हात स्वच्छ धुऊन पिण्याच्या पाण्याने डोळा सावकाश धुवावा. कण निघाला तरी टोचणे, लाली किंवा पाणी येणे दुसऱ्या दिवशी राहिले तर नेत्रतज्ज्ञाकडे जावे. लोखंडाचा कीस किंवा झाडपाल्याचा फटका असेल तर त्याच दिवशी जावे. पाल्याच्या जखमेतून बुबुळाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि अशा वेळी औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने घेतलेले स्टेरॉइडचे थेंब डोळा घालवू शकतात. मध, गुलाबपाणी किंवा आईचे दूध असले काही घालू नये.

काही वर्षांपूर्वी रामपूरच्या पुढे चिऱ्यांच्या एका ट्रकमागे मी असाच अडकलो होतो. उकडत होते म्हणून काच कपाळावर होती. डोळ्यात काही गेले, मी ते चोळले, घरी येऊन पाणी मारले आणि झोपलो. सकाळी डोळा उघडेना. डॉक्टरांनी नारिंगी रंगाचा एक थेंब घालून निळ्या प्रकाशात पाहिले, तेव्हा बुबुळावर उभ्या हिरव्या रेघा उमटल्या होत्या. पापणीच्या प्रत्येक उघडझापीला एकेक. त्यांनी वरची पापणी काडीवर उलटी केली आणि तिच्या आतल्या बाजूला चिकटलेला कण कापसाने उचलून मला दाखवला. तो मोहरीच्या चौथाईएवढा, तांबडा होता. त्यानंतर चार दिवस एसटीने ये-जा केली, आणि पाचव्या दिवशी गाडी काढण्यापूर्वी व्हायझरची पहिली खाच नीट धरते की नाही ते पाहिले. ती झिजली होती. काच आपोआप खाली पडत असे, म्हणूनच मी ती पूर्ण वर ठेवायला लागलो होतो. खाच असलेली बाजूची प्लेट वेगळी विकत मिळते आणि घरच्या पेचकसाने दहा मिनिटांत बदलता येते.